हुकमाचे आउट

कान्तोकूने मला एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. कान्तोकू म्हणजे बेसबॉल टीमचा मॅनेजर, आणि आमच्या कंपनीत तर जवळजवळ देवच. तो मला "डेटा-सान", म्हणजे डेटाबाई, म्हणायचा. सुरुवातीला वाटलं, नाव अवघड जात असेल. माझं नाव तीन अक्षरांचं आहे आणि त्यात एकही जोडाक्षर नाही. पुढे लक्षात आलं की अवघड काहीच नव्हतं, त्याला गरज नव्हती.

मी मूळची पुण्याची, संख्याशास्त्र शिकलेली. टोकियोतल्या एका माल साठवून पोचवणाऱ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. कुठला माल कुठल्या गोदामात किती दिवस पडून राहील याचा अंदाज बांधणं हे माझं काम. बेसबॉलशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण जपानात मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या टीम असतात. खेळाडू सकाळी ऑफिसात बसून बिलं तपासतात, जेवण झालं की मैदानावर जातात, पगार कंपनीचाच. आमचीही अशी टीम होती आणि बरीच वर्षं हरत होती. मग वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपणही आता डेटा वापरायला हवा. आमचे विभागप्रमुख, म्हणजे बुच्यो, माझ्या टेबलाशी येऊन गोड हसत म्हणाले, "भारतीय लोक गणितात हुशार असतात, नाही का?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. यापुढे हमखास एखादं फुकटचं काम येतं. तसंच झालं. माझं रोजचं काम सांभाळून टीमचे आकडेही मीच बघायचे, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांचं ठरलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो क्रिकेटवेडा माणूस हसत सुटला. "तुला साधा एलबीडब्ल्यू कळत नाही, आणि तू टीम सिलेक्ट करणार?"

"सिलेक्ट नाही करायची. ॲनालिसिस करायचाय."

"म्हणजे सिलेक्ट ते करणार, आणि हरले की शिव्या तुला."

नवरा चेष्टेत बोलतो तेव्हा बहुतेक वेळा खरं बोलतो, हा त्याचा एक वैतागवाणा गुण आहे.

मी मुकाट्याने खेळ शिकले. आम्ही टोकियोत राहतो त्या एदोगावा भागात, घरापासून सायकलने जाण्याइतक्या अंतरावर, नदीच्या पात्रात, ओळीने बेसबॉलची मैदानं आहेत. रविवारी तिथे बसायचं, आणि इतर दिवशी ट्रेनमध्ये लोकांच्या पाठींमध्ये दबून फोनवर आमच्या टीमच्या मॅचेसचे व्हिडिओ बघायचे. खेळ काही वाईट नाही. वाईट आहे तो बंट.

बंट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. फलंदाज बॅट फिरवतच नाही. ती आडवी धरून चेंडू तिच्यावर नुसता मरू देतो. चेंडू दोन-चार पावलांवर पडतो, तो उचलून फलंदाजाला आउट करतात, पण तेवढ्या गडबडीत आधीपासून बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरच्या टप्प्यावर, उभा असलेला त्याच्या टीमचा रनर पुढच्या बेसवर पोचतो. थोडक्यात, दुसऱ्याला एक घर पुढे सरकवण्यासाठी आपण स्वतःहून आउट व्हायचं. जपानीत याला जो शब्द आहे त्याचा अर्थ सरळ बलिदान असाच होतो, आणि कान्तोकूचा या बलिदानावर भलता जीव. अर्थात दुसऱ्याच्या.

आमच्या टीममध्ये हे बलिदान एकाच माणसाच्या वाट्याला येई. तो दुसऱ्या क्रमांकावर खेळायचा आणि ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, आणि इतका शांत की सकाळी तो येऊन बसलाय हे मला त्याच्या चहाच्या वासावरून कळायचं. पहिला फलंदाज बेसवर पोचला की हा बंट करणार. बंट नसला तर मुद्दाम चांगले चेंडू सोडणार, म्हणजे तेवढ्यात रनरला पळता येईल. तेही नसलं तर जमिनीलगत उजवीकडे ढकलणार, पुन्हा रनरसाठीच. आणि हे सगळं कान्तोकू बाहेर बसून खुणांनी सांगणार.

टीममध्ये असेपर्यंत खेळाडूची बदली होत नाही, हा आमच्याकडचा नियम. टीममधून काढलं की तो साधा नोकरदार, कंपनी पाठवेल तिथे जायचं. टोकियोपासून दूर, उत्तरेकडच्या सेंदाईच्या गोदामात एक जागा रिकामी होती आणि ती कुणासाठी रिकामी ठेवलीय याची कुजबूज उन्हाळ्यापासूनच चालू होती. त्याची बायको एदोगावात एका दवाखान्यात नर्स, मुलगी नुकतीच पहिलीत गेलेली. एकदा डबा खाताना त्यानेच मला हे सांगितलं. "सेंदाई चांगलं शहर आहे," तो म्हणाला. "पण मला एकट्यालाच जावं लागेल." आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. अर्धा भात तसाच होता.

शरद ऋतू लागला की खेळाडूंची छाटणी होते. बुच्योंनी मला सगळ्या खेळाडूंचा अहवाल मागितला. त्याबरोबर एक ओळ जोडून पाठवली, की दुसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाचे आकडे "विशेष काळजीपूर्वक" पाहावेत. इतकी वर्षं इथे काढल्यावर या "काळजीपूर्वक"चा अर्थ मला कळत होता. त्यांना निर्णय नको होता, तो झालेला होता. त्याच्यावर मारायला शिक्का हवा होता, आणि शिक्का मारणारा हात बाहेरचा असला तर उत्तमच.

आकडे दिसायला वाईटच होते, ते नाकारत नाही. पण ते कशाचे आकडे होते? बंटचं बलिदान नियमाप्रमाणे निराळं लिहितात, तेवढी माणुसकी खेळात आहे. हुकमाने उजवीकडे ढकलून आउट झाला, तर ते मात्र साधं अपयश म्हणून त्याच्या नावावर चढतं. हुकमाने चांगले चेंडू सोडले आणि मग उरलेल्या वाईट चेंडूवर चुकला, तेही अपयश. धावा आणता येतील अशा वेळी त्याला बॅट फिरवू द्यायची नाही, आणि वर्षअखेरीला विचारायचं, तुझ्या नावावर धावा का नाहीत? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे आकडे त्याचे नव्हतेच. कान्तोकूचे होते, त्याच्या खात्यावर टाकलेले.

मग मी एक काम केलं, ज्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मॅचच्या व्हिडिओत एका कोपऱ्यात बाकावरचा कान्तोकू दिसायचा. कान, टोपी, कोपर, पट्टा, मांडी, छाती असा तो हात फिरवत असायचा, मच्छर चावल्यासारखा. त्या खुणा आणि त्यानंतर फलंदाजाने काय केलं हे शेजारी शेजारी मांडत गेले, आणि हळूहळू कुलूप उघडलं. टोपीला हात लागला की त्यानंतरचा पहिला स्पर्श खरा, बाकी सगळं धूळफेक. कोपर म्हणजे बंट. पट्टा म्हणजे चेंडू सोड. मांडी म्हणजे उजवीकडे ढकल. छाती म्हणजे मनाला येईल तसा मार. आता प्रत्येक चेंडू मला दोन ढिगांत टाकता येत होता. एक हुकमाचा, एक त्याचा स्वतःचा.

त्याच्या स्वतःच्या ढिगात चेंडू फार नव्हते. थोड्या चेंडूंवरून मोठी विधानं करू नयेत, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी एक आकडा न देता पट्टी दिली, म्हणजे कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त तितकं. पण त्या पट्टीचं खालचं टोकसुद्धा टीमच्या सरासरी खेळाडूच्या वर होतं. मोकळा सोडला तर तो उत्तम फलंदाज होता, आणि कुणीच त्याला मोकळा सोडला नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली. जेवढे व्हिडिओ माझ्याकडे होते त्यात त्याने एकही खूण मोडली नव्हती. बाकी सगळ्यांनी कधी ना कधी मोडली होती, विसरून का होईना. याने नाही.

मीटिंगला कान्तोकू, बुच्यो आणि वरच्या मजल्यावरचे दोघे असे बसले होते. मी सुरुवातच तिखट केली. "आपण सगळे कचरा टाकताना बाटलीचं झाकण वेगळं टाकतो, कागद सोलून वेगळा टाकतो, बाटली वेगळी टाकतो. मग या माणसाचे आउट तेवढे एकाच पिशवीत का?" वरच्या मजल्यावरचा एक जण चक्क हसला. मी पुढची स्लाइड लावली. तिच्यावर खुणांचा तक्ता होता. टोपी, कोपर, पट्टा, मांडी, छाती, आणि समोर प्रत्येकाचा अर्थ.

खोली एकदम गार पडली. पुण्यात मीटिंग अशी गप्प झाली की समजायचं, समोरच्याकडे उत्तर नाही. दोन मिनिटं मी त्याच समजुतीत खुशीत होते. मग कान्तोकूच्या मानेकडे लक्ष गेलं. ती लाल होत होत कानापर्यंत चढली होती.

"हे डेटा-सानला कुणी सांगितलं?" त्याने मला न विचारता बुच्योंना विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले. "व्हिडिओत दिसतं."

"आमच्या खुणा गुप्त असतात."

"गुप्त असत्या तर मला कळल्या नसत्या. मी तर बेसबॉल या वर्षी शिकले. प्रतिस्पर्ध्यांना केव्हाच कळल्या असतील."

त्यानंतर त्या खोलीत दुसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजाचं नावही निघालं नाही. ज्याच्या घराचा प्रश्न होता तो बाजूलाच राहिला, आणि बाहेरच्या माणसाने टीमची गुपितं फोडली यावर चर्चा रंगली. बुच्यो उठले आणि माझ्या वतीने कमरेत वाकून माफी मागितली. मला डोळ्यांनी खुणावत होते, तूही वाक. मी बसून राहिले. मी वाकायचं कशासाठी? बघितलं म्हणून? डोळे उघडे ठेवण्याचाच पगार मला देत होते ना? मला त्या माणसाचा संताप आला. कान्तोकूचा नाही, बुच्योंचा. कान्तोकू निदान स्वतःच्या रागाने लाल झाला होता.

निर्णय पुढच्या आठवड्यात कळला. ऑफिसभर फिरलेल्या सूचनेत लिहिलं होतं की "डेटा विश्लेषणाचा सर्वांगीण विचार करून" अमुक खेळाडू या वर्षअखेर निवृत्त होतील आणि सेंदाईच्या गोदामात रुजू होतील. माझा अहवाल एकाही माणसाने शेवटपर्यंत ऐकला नव्हता, आणि खापर मात्र त्याच अहवालावर फोडलं होतं. मी बुच्योंना जाऊन विचारलं, "माझ्या विश्लेषणात याच्या बरोब्बर उलटं लिहिलंय, तुम्ही वाचलंत का?" ते म्हणाले, "वाचलं. खूप शिकायला मिळालं." इतक्या सभ्यपणे कुणी माझ्या तोंडाला पानं पुसली नव्हती.

मी जागेवर परत आले तर तो समोर उभा होता. दोन्ही हात बाजूला, मान खाली. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला," तो म्हणाला.

आता मात्र मला त्याचाही राग आला. घर त्याचं मोडणार होतं आणि माफी तोच मागत होता. "तुम्ही काही बोलत का नाही?" मी आवाज न उतरवता विचारलं. आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. "इतकी वर्षं तो सांगतो आणि तुम्ही आउट होता. एकदा तरी बॅट फिरवायची होती."

"खूण आली की ती खेळायची असते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच चीड आली.

जायला वळला आणि थांबला. मग अगदी हळू विचारलं, "मोकळा खेळलो तेव्हा... खरंच बरं होतं का?"

मी खुर्ची बाजूला ओढून त्याला स्क्रीनसमोर बसवलं. दोन ढीग, दोन रंग, आणि ती पट्टी. पट्टीचं खालचं टोक म्हणजे काय तेही समजावलं. स्वतःच्या गुडघ्यावर त्याची बोटं बॅटची मूठ धरल्यासारखी वळली होती.

"एवढं?" तो म्हणाला.

"एवढं. कमीत कमी."

"असं होय," तो म्हणाला आणि उठला. मैदानावर जायची वेळ झाली होती.

निवृत्त होणाऱ्या खेळाडूसाठी वर्षअखेरीला टीमचे दोन गट करून एक मॅच खेळायची पद्धत आहे. त्यात निरोप घेणाऱ्याला शेवटची एक बॅटिंग देतात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्याला मुद्दाम सरळ, मधोमध, सोपा चेंडू टाकतो. त्याने तो जोरात मारायचा, सगळ्यांनी रडायचं, मग त्याला हवेत उडवून झेलायचं. वर्षभर ज्याला बॅट फिरवू दिली नाही त्याला जाताना एक चेंडू भेट द्यायचा. मला ही पद्धत किळसवाणी वाटते. तरीही मी गेले, नवऱ्याला घेऊन गेले. मॅच एदोगावातल्या त्याच नदीकाठच्या मैदानावर होती. खेळाडूंच्या बायका डबे घेऊन गवतावर बसल्या होत्या. त्याची बायको पुढे होती, मुलीला मांडीत घेऊन. बुच्योंनी मला बघून लांबूनच मान झुकवली, मी नदीकडे बघितलं.

खुणा अर्थातच बदलल्या होत्या, माझ्यामुळे. आणि अर्थातच त्या नवीन खुणाही मी पुढच्या दोन-तीन मॅचेसमध्ये सोडवल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. केवळ खुन्नस म्हणून. आता टोपीला काही अर्थ उरला नव्हता. आता चष्मा. चष्म्याला हात लागला की त्यानंतरचा स्पर्श खरा, बाकीचे अर्थ तेच.

तो बॅट घेऊन मैदानात आला. बेसवर कुणी नव्हतं, सगळे बेस रिकामे. त्याने नेहमीसारखं कान्तोकूकडे बघितलं. कान्तोकू बाकावरून उठून उभा राहिला. गळ्यात टॉवेल तयार होता, डोळे पुसायला. त्याने कान चोळला, टोपी, कोपर, मग चष्मा सावरला आणि हात सावकाश छातीवर ठेवला. मनाला येईल तसा मार. काय तो मोठेपणा! मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं.

पिचरने चेंडू टाकला, ठरल्याप्रमाणे मधोमध. आणि त्याने बॅट आडवी केली.

चेंडू बॅटवर मेला, घरंगळला, आणि पिचरच्या पुढ्यात येऊन थांबला. इतका सुबक बंट मी त्याच्या कुठल्याच व्हिडिओत बघितला नव्हता. पुढे सरकवायला कुणीही नव्हतं. तो जीव खाऊन पळाला आणि व्यवस्थित आउट झाला.

मग बायका रडायला लागल्या. "शेवटपर्यंत टीमसाठी," माझ्या मागचा एक म्हातारा गहिवरून म्हणाला. टाळ्या सुरू झाल्या. वरच्या मजल्यावरचे दोघे उभे राहिले. बुच्यो रुमाल शोधत होते.

मी कान्तोकूकडे बघत होते. त्याचा हात अजून छातीवरच होता. खूण काय दिली होती ती त्याला ठाऊक होती. खूण न मोडणाऱ्या माणसाने ती भर मैदानात, सगळ्यांदेखत मोडली होती, आणि सगळं मैदान त्यालाच आज्ञाधारकपणा समजून टाळ्या वाजवत होतं. फलंदाज पहिल्या बेसवरून परत चालत आला. एरवी आउट झाला की तो मान खाली घालून धावत यायचा. या वेळी चालत आला, आणि कान्तोकूच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याच्यासमोरून गेला. कान्तोकूची मान पुन्हा लाल झाली. पण लोक बघत होते. त्याने हात छातीवरून काढला आणि टाळ्या वाजवायला लागला. दुसरं काय करणार होता?

मीही उठले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले, परदेशी बाईलाही कळलं म्हणून.

नवरा माझी बाही ओढत होता. "अगं, पण झालं काय? आउटच झाला ना तो?"

"झाला," मी म्हणाले. "आज पहिल्यांदा त्याला कुणी सांगितलं नव्हतं."